सात लिटरचं इंजिन आणि पाव मैलाचा रस्ता

मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीने १९६४ मध्ये बनवलेल्या '४२६ हेमी' या इंजिनाचा एकेक सिलिंडरच सुमारे ८७३ सीसीचा. असे आठ. म्हणजे एका बॉनेटखाली आठ मारुत्या, त्याही जरा फुगलेल्या. नावातला ४२६ हा आकडा घन इंचांचा. आपल्या हिशेबात ते जवळपास सात लिटर होतात.

एवढं मोठं इंजिन शर्यतीच्या गाडीत असणं समजू शकतं. पण १९६६ मध्ये हेच इंजिन शोरूममधून, दूध-भाजी आणायच्या गाडीत बसवून मिळू लागलं. हे झालं कसं, ते पाहायला आधी थोडं मागे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात तरुणांकडे दोन गोष्टी मुबलक होत्या: जुन्या स्वस्त गाड्या आणि सैन्यात शिकलेलं मेकॅनिकचं काम. सिग्नल हिरवा झाला की दोन गाड्या सुसाट सुटायच्या. माणसं मरत, पोलीस धावत, वर्तमानपत्रं या पोरांना गुंड म्हणत. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळावर सी. जे. हार्ट आणि त्याच्या सोबत्यांनी एक धावपट्टी भाड्याने घेऊन तिथे रीतसर शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी 'हॉट रॉड' मासिकाचा संपादक वॉली पार्क्स याने एनएचआरए ही संघटना काढली. त्याचं म्हणणं साधं होतं: पोरं शर्यत लावणारच, तर रस्त्यावर नको, पट्टीवर लावू द्या. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. १९५५ मध्ये संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्सासमधल्या ग्रेट बेंड इथे, युद्धकाळातल्या जुन्या विमानतळावर झाली. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस पाहिलेल्यांना विमानतळाचं हे नातं नवं वाटणार नाही.

थोडक्यात, ड्रॅग स्ट्रिप जन्मली ती रस्ता आणि शर्यत यांची फारकत करायला. हेमीने ती दोघं पुन्हा एकत्र आणली, आणि तेही एका नियमामुळे.

क्रायसलरचा अध्यक्ष लिन टाउनसेंड याला १९६४ ची डेटोना ५०० जिंकायची होती. हाताशी जेमतेम वर्षभर होतं. टॉम हूवर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कंपनीचीच पन्नाशीच्या दशकातली जुनी कल्पना बाहेर काढली: अर्धगोल ज्वलनकक्ष. हेमिस्फिअर, म्हणून हेमी. साध्या हेडमध्ये व्हॉल्व्ह एका रांगेत दाटीवाटीने उभे असतात. घुमटाच्या आकारात ते समोरासमोर कलते बसतात, त्यामुळे आकाराने मोठे घेता येतात. हवा एका बाजूने आत येते आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर जाते. स्पार्क प्लग घुमटाच्या जवळपास मध्यावर. किंमत मोजावी लागते ती वजनात आणि गुंतागुंतीत: प्रत्येक हेडवर दोन रॉकर शाफ्ट, आणि पूर्ण इंजिन पावणेचारशे किलोच्या आसपास. हे वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणून वळणावर गाडी नाक खुपसते. पाव मैल सरळच जायचं असतं, तिथे कोण तक्रार करतो!

शर्यत तोंडावर आली तेव्हा चाचणीत ब्लॉकच्या सिलिंडर भिंतींना तडे जायला लागले. भिंती जाड करून नवे ब्लॉक ओतावे लागले, आणि ते अगदी शेवटच्या दिवसांत पोचले. तरीही फेब्रुवारी १९६४ मध्ये रिचर्ड पेटीने २०० पैकी १८४ फेऱ्या आघाडीवर राहून शर्यत जिंकली. पहिले तिन्ही क्रमांक हेमीवाल्या प्लिमथ गाड्यांचे.

प्रतिस्पर्धी चिडणार, हे उघड होतं. हे इंजिन सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळत नाही, मग याला 'स्टॉक' कार म्हणायचं कसं? नॅसकारने १९६५ साठी हेमीला बंदी घातली. क्रायसलरने बहिष्कार टाकला आणि पेटी ड्रॅग शर्यतींकडे वळला. त्याच फेब्रुवारीत जॉर्जिया राज्यात त्याची बॅराकुडा गाडी ताबा सुटून प्रेक्षकांत घुसली. आठ वर्षांचा एक मुलगा गेला. रस्त्यापेक्षा सुरक्षित म्हणून जी पट्टी आखली, तिच्या कडेला प्रेक्षकांसाठी तेव्हा किती जागा सोडत असत, याचा विचार या अपघाताशी आल्याशिवाय राहत नाही. हेमीच्या कौतुकाच्या गोष्टींत हा प्रसंग सहसा गाळला जातो.

बंदीवर क्रायसलरचं उत्तर आलं १९६६ मध्ये. विकत मिळत नाही म्हणता ना? घ्या, विकतो. डॉज कोरोनेट, चार्जर, प्लिमथ बेल्व्हेडिअर, सॅटेलाइट: जादा पैसे मोजा, हेमी बसवून मिळेल. हीच 'स्ट्रीट हेमी'.

इथे इंजिन बांधणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. आजही कोणी रस्ता आणि पट्टी दोन्हींसाठी मोठं इंजिन बांधायला घेतो, तेव्हा त्याची गाडी याच ठिकाणी अडते. रेसचा कॅमशाफ्ट दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे ठेवतो. सहा हजार आरपीएमला त्याने इंजिन भरभरून श्वास घेतं, पण सिग्नलला उभं असताना लंगडतं, थरथरतं. व्हॅक्यूम पडतो, त्यामुळे पॉवर ब्रेकही दगड होतात. रेस हेमीचं कॉम्प्रेशन साडेबारास एक. पंपावरच्या पेट्रोलवर ते नॉकिंग करून पिस्टन खाईल. मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर आखूड घेतला तर सुटताना गाडी उडी मारते, मग हायवेवर इंजिन तासन्‌तास किंचाळत राहतं. लांब घेतला तर उलट. एक मिळवायला दुसरं सोडावं लागतंच.

क्रायसलरने मधला रस्ता काढला. कॉम्प्रेशन सव्वादहावर आणलं, कॅम सौम्य केला, चार नरड्यांचे दोन कार्ब्युरेटर एकामागे एक बसवले. सावकाश चालवताना मागच्या कार्ब्युरेटरची दोनच नरडी उघडतात. पाय दाबला की बाकीची सहा. तळाचा ब्लॉक, फोर्ज केलेला क्रँक, मेन बेअरिंगच्या टोप्यांना बाजूने मारलेले आडवे बोल्ट हे सगळं मात्र रेसच्या जातकुळीचं ठेवलं. तरी शहरात प्लग काळे व्हायचे, टॅपेट सेट करत बसावं लागायचं, आणि लिटरमागे चार किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. कंपनी ताकद सांगायची ४२५ हॉर्सपॉवर. खरी जास्त होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. विमा कंपन्यांनाही.

आमच्या मुंबईचा इथे एक धागा आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवात केली ती क्रायसलरच्याच परवान्यावर, डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडून. पुढे तिथे फियाट आली. डेट्रॉइटमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सात लिटरच्या हेमी रात्री एकमेकींना डिवचत होत्या, तेव्हा कुर्ल्यातून १०८९ सीसीची गाडी बाहेर पडत होती, आणि तिच्यासाठीही लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले होते.

१९६८ मध्ये कंपनीने तडजोडीचा नाद एकदा सोडून पाहिला. डॉज डार्ट आणि बॅराकुडा या लहान गाड्यांत रेस हेमी कोंबली. पत्रा पातळ, पुढचे भाग फायबरग्लासचे, दाराची काच वर ओढायला पट्टा. ही गाडी रस्त्यासाठी नाही, अशी सूचनाच सोबत चिकटवलेली. त्यातल्या काही अजून पट्टीवर पळतात. मला तर हेमीच्या सगळ्या अवतारांत हाच सर्वात प्रामाणिक वाटतो.

स्ट्रीट हेमी १९७१ नंतर बंद झाली. विम्याचे हप्ते तरुणांना झेपेनात, १९७० च्या अखेरीस हवा प्रदूषणाचा कायदा आला, शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवणं भाग पडलं. पट्टीवर मात्र घुमट टिकला. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स त्याच्या पायांमध्येच फुटला आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्याने इंजिन आपल्या पाठीमागे नेऊन नवी गाडी बांधली आणि १९७१ मध्ये पोमोनात जिंकून दाखवलं. आजचे टॉप फ्युएल ड्रॅगस्टर तसेच बांधतात. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, नायट्रोमिथेनवर चालणारं, दहा हजारांहून जास्त हॉर्सपॉवरचं, पण हेडचा आकार हेमीचाच. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते पूर्ण खोलून पुन्हा बांधतात.

आणि रस्त्यावरची? सहा वर्षांत सगळ्या मिळून दहा-अकरा हजार स्ट्रीट हेमी बनल्या असाव्यात. १९७१ ची उघड्या टपाची एक हेमी 'कुडा २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. अशा गाड्या आता शर्यतीत उतरत नाहीत, आणि रस्त्यावरही क्वचितच. प्रदर्शनाला जातात त्या बंद ट्रेलरमधून.