टँकर

पोस्ट जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ शेवटी पाहिला. २०११ चा माहितीपट, तीन तासांहून मोठा. इतकी वर्षं टाळला, कारण दिग्दर्शक डाव्या विचारांचा, काय सांगणार ते ठरलेलंच, असं माझं मत. परवा बसलो तोही चुका काढायलाच. वही-पेन घेऊन बसलो होतो, हसू नका.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, १० माणसं गेली. मी तेव्हा मुलुंडला, विशीत. आमच्या घरात हा विषय एका वाक्यात संपला: जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, गोळ्या झाडल्या नसत्या तर अर्धं घाटकोपर उडालं असतं. पुढे कित्येक वर्षं कुणी विषय काढला की मी हेच ऐकवायचो, जणू काही मी तिथे उभा होतो. रोज त्याच हायवेने जायचो, पण बस थांबवून कुणाला विचारलं नाही.

मला वाटलं, टँकरची गोष्ट पटवर्धन गाळणार. गाळलेली नाही. मग मी मागचं वाचत बसलो. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला होता. गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. नंतर त्यांना उच्च न्यायालयात जामीन मिळाला. म्हणजे निकाल यायला १२ वर्षं गेली आणि मी आपला टँकरच सांगत होतो. वहीत मी आधीच ‘एकतर्फी’ असं लिहून ठेवलं होतं. ते खोडलं नाही, राहू दे.

शाहीर विलास घोगरे आमच्या मुलुंडचेच. गोळीबारानंतर चार दिवसांनी त्यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला, डोक्याला निळं कापड बांधून. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेला माणूस. त्याच चळवळीने त्यांना बाहेर काढलं होतं, आणि पटवर्धन तेही लपवत नाहीत. इथे मात्र मी पेन खाली ठेवलं. घोगऱ्यांचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं हो.

सगळं पटलं असं नाही. कबीर कला मंचाबाबत माहितीपट फारच मऊ आहे, अवघड प्रश्न विचारतच नाही. तिथे मी अजून अडून आहे. कमेंटमध्ये भांडायचं असेल तर या.

रात्री बाबांना फोन केला, काय पाहिलं ते सांगितलं. म्हणाले, “पण टँकर होते ना रे?”

होते, म्हटलं. पुढचं रविवारी घरी येऊन बोलतो.