'द लुक ऑफ लव्ह' (१९६८): हार्ड बॉपच्या घरात पॉप गाणी

स्टॅन्ली टरेन्टाइन यांचा टेनर सॅक्सोफोन दोन स्वरांत ओळखू येतो: जाड, उबदार, कडेला किंचित खरखरीत. १९६८ मध्ये ब्लू नोट कंपनीने याच आवाजाभोवती तंतुवाद्यांचा मोठा ताफा उभा केला आणि 'द लुक ऑफ लव्ह' हा अल्बम केला. अशा अल्बमांना कडवे जॅझरसिक 'बाजारू' म्हणत आले. हा ठपका अर्धाच खरा आहे.

टरेन्टाइन १९३४ साली पिट्सबर्ग येथे जन्मले. वडील सॅक्सोफोनवादक, थोरला भाऊ टॉमी ट्रम्पेटवादक. तारुण्यात त्यांनी लोवेल फुल्सन यांच्या ब्लूज बँडमध्ये वादन केले. पुढे अर्ल बॉस्टिक यांच्या बँडमध्ये जॉन कोल्ट्रेन यांची रिकामी झालेली जागा त्यांना मिळाली. हार्ड बॉप म्हणजे बीबॉपची गुंतागुंतीची स्वरभाषा, पण मुळे ब्लूजमध्ये आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेलमध्ये रुजलेली. टरेन्टाइन या प्रवाहाच्या ब्लूजकडील काठावरचे.

बदलली होती ती कंपनी. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायन यांनी १९३९ मध्ये ब्लू नोट स्थापन केली होती. साठच्या दशकाच्या मध्यावर ती लिबर्टी या कॅलिफोर्नियातील पॉप कंपनीच्या ताब्यात गेली आणि १९६७ मध्ये लायन निवृत्त झाले. रेडिओवर तेव्हा बीटल्स आणि बर्ट बॅकरॅक यांचे राज्य होते.

अल्बमचे शीर्षकगीत बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचे. 'कॅसिनो रोयाल' या १९६७ च्या चित्रपटासाठी ते डस्टी स्प्रिंगफील्ड यांनी गायले होते. सोबत बीटल्सचे 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर'. संयोजन ड्यूक पिअर्सन आणि थॅड जोन्स यांचे, म्हणजे अस्सल जॅझवाल्यांचेच.

पॉप गाणी घेतली हा मुळात गुन्हाच नव्हे. ज्यांना आज जॅझची 'अभिजात' गाणी म्हणतात, त्यांतली कितीतरी ब्रॉडवेची लोकप्रिय गीतेच होती. तंतुवाद्यांचेही तेच: खुद्द चार्ली पार्कर यांनी १९४९ मध्ये त्यांच्यासह ध्वनिमुद्रण केले होते.

फरक वेगळ्या ठिकाणी होता. पूर्वी गाणे म्हणजे दार. खरे घर त्यामागच्या उत्स्फूर्त वादनाचे. गर्श्विन यांच्या 'आय गॉट रिदम'च्या सांगाड्यावर बीबॉपवाल्यांनी नव्या धूनांची रांग उभी केली. इथे मात्र गाणी आटोपशीर, संयोजन आधीच ठरलेले, वादकाला फिरायला अंगण लहान. तक्रार करायची तर ती याबद्दल करावी. तरीही टरेन्टाइन व्हायोलिनांच्या मखमलीत विरघळत नाहीत. स्वर किंचित उशिरा उचलणे, त्याला खालून ओढत आणणे, शेवटी हलकासा कंप देणे, हे सारे ब्लूजचेच वळण. गाणे बॅकरॅकचे, उच्चार पिट्सबर्गचा.

पुढची गोष्ट तर कंपनीच्या हिशेबाला छेद देणारी. टरेन्टाइन ब्लू नोट सोडून क्रीड टेलर यांच्या सीटीआय कंपनीकडे गेले आणि १९७० मध्ये 'शुगर' ध्वनिमुद्रित झाला. मूळ तबकडीवर केवळ तीन लांबलचक रचना. बॅकरॅक नाहीत, बीटल्स नाहीत, व्हायोलिनेही नाहीत. ऑर्गन, गिटार, ट्रम्पेट आणि मनसोक्त वादन. त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली ती याच अल्बमची शीर्षकरचना, आणि ती त्यांची स्वतःची होती. तिसरी रचना होती 'इम्प्रेशन्स': बॉस्टिक यांच्या बँडमधील ज्यांची जागा त्यांनी घेतली होती, त्या कोल्ट्रेन यांची.