ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे पिचर-निवडीचे धोरण : १९६५ ते २००८

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. बेसबॉलच्या इतिहासात त्याने शिरावे ह्याचे कारणही मुळात भाषिकच आहे. अमेरिकेत होतकरू खेळाडूला ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. भूमीच्या पोटात धातू असण्याचा संभव जेथे दिसतो त्या जागेलाही खाणवाले हाच शब्द लावतात. तरुण खेळाडूंची दरवर्षी जी वाटणी होते तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, आणि सक्तीच्या लष्करभरतीचे नावही तेच. पिचरची पारख करणारे जे स्काउट असतात, ते त्याला पुष्कळदा नुसते ‘आर्म’, म्हणजे हात, म्हणतात. अवयवाने माणसाचा निर्देश करणे आपल्याला परके नाही. आपणही ‘डोकी मोजतो’ आणि ‘कामाला हात कमी पडतात’ म्हणून तक्रार करतो. परंतु अठरा वर्षांच्या मुलाला हात म्हणावे, त्या हाताला खाणीची जागा समजावे आणि भरतीच्या यादीतून तो उचलावा, ही शब्दांची सांगड एका विशिष्ट व्यवहाराची निदर्शक आहे. त्या व्यवहारात ‘शाळकरी पिचर’ आणि ‘महाविद्यालयीन पिचर’ असे दोन वर्ग पडले. ओकलंडच्या संघाने त्या वर्गवारीवर आपले धोरण कसे उभारले, आणि त्या वर्गवारीत काय दडले होते, हे येथे पाहावयाचे आहे.

बेसबॉलचा पिचर म्हणजे क्रिकेटचा गोलंदाज, असे म्हटल्याने सामान्य वाचकाचे काम भागते. मात्र एक भेद येथे महत्त्वाचा आहे. गोलंदाजाला कोपर वाकवून चेंडू फेकण्याची मनाई. पिचरची सारी विद्याच त्या वाकलेल्या कोपराच्या झटक्यात आहे. साडेसाठ फुटांवरून, टप्पा न पडू देता, ताशी नव्वद मैलांच्या आसपास वेगाने चेंडू फेकताना कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर जो ताण पडतो तो निसर्गाने अपेक्षिलेला नाही. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब ह्यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरचा हा अस्थिबंध शस्त्रक्रियेने बदलला. तोपर्यंत अशी दुखापत म्हणजे बहुधा कारकिर्दीचा शेवट असे. तेव्हा पिचरची निवड करणारा संघ चेंडूच्या वेगाबरोबर त्या हाताच्या आयुर्मानावरही पैज लावीत असतो.

१९६५ पूर्वी ही पैज खुल्या बाजारात लागत असे. ज्याच्यापाशी पैसा त्याने मुलगा घ्यावा. १९६४ मध्ये रिक रायकार्ट ह्या क्षेत्ररक्षकाला लॉस एंजलिस एंजल्सने दोन लाख पाच हजार डॉलर दिले, तेव्हा संघमालकांना आपल्याच औदार्याची धास्ती वाटू लागली. जून १९६५ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. आदल्या हंगामातील दुबळ्या संघांनी आधी निवड करावी, आणि निवडलेल्या मुलाला त्याच एका संघाशी बोलणी करता यावी, हे त्याचे सार. दुर्बळांना न्याय आणि मुलांच्या मोबदल्यावर लगाम, असे दोन्ही हेतू एकाच नियमाने साधले गेले. त्या पहिल्या ड्राफ्टमधील पहिली निवड अ‍ॅथलेटिक्सचीच होती. संघ तेव्हा कॅन्सस सिटीत होता. १९६८ मध्ये तो ओकलंडला आला आणि २०२४ पर्यंत तेथे नांदला. त्या वेळी त्यांनी निवडलेला रिक मंडे अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाचा विद्यार्थी होता, परंतु तो पिचर नव्हता.

पिचरच्या बाबतीत संघाची पूर्वपरंपरा शाळकरी मुलांचीच होती. ‘कॅटफिश’ हंटर हा नॉर्थ कॅरोलायनातील शेतकऱ्याचा मुलगा. शिकारीच्या वेळी भावाच्या बंदुकीचे छर्रे त्याच्या पायात घुसले होते. इतर संघ बिचकले, मालक चार्ल्स फिन्ली ह्यांनी १९६४ मध्ये त्याला करारबद्ध केले, आणि कनिष्ठ संघांत एकही सामना न खेळता तो १९६५ मध्ये थेट वरिष्ठ स्पर्धेत उतरला. व्हायडा ब्ल्यू हा लुइझियानाचा. १९६७ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत शाळेतूनच उचललेला. १९७१ मध्ये त्याने चोवीस सामने जिंकले. ह्या दोघांच्या हातांवर ओकलंडने १९७२, १९७३ आणि १९७४ अशा सलग तीन वर्ल्ड सीरिज जिंकल्या. पुढे ह्याच संघाने शाळकरी पिचरकडे पाठ फिरवावी, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

पाठ फिरण्याची कारणे साऱ्या बेसबॉलभर विखुरलेली होती. १९७३ मध्ये टेक्सस रेंजर्सने पहिल्या क्रमांकाने ह्यूस्टनच्या डेव्हिड क्लाइडची निवड केली. संघ हरत होता, मैदान रिकामे राहत होते. शाळा संपल्यावर थोड्याच दिवसांत, २७ जून १९७३ रोजी, त्याला वरिष्ठ सामन्यात उभे करण्यात आले. पस्तीस हजारांवर प्रेक्षक आले. मुलगा तो सामना जिंकलाही. पुढे त्याच्या नावावर एकूण अठरा विजय आणि तेहेतीस पराजय लागले, आणि १९७९ नंतर तो वरिष्ठ स्पर्धेत दिसला नाही. त्या एका संध्याकाळच्या तिकिटांसाठी एका मुलाची कारकीर्द खर्ची पडली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ओकलंडचा स्वतःचा धडा १९९० चा. टेक्ससमधील टॉड व्हॅन पॉपेल हा शाळकरी पिचर त्या वर्षीचा सर्वोत्तम हात मानला जात होता. आपण टेक्सस विद्यापीठात जाणार, असे त्याने जाहीर केल्यामुळे पहिला क्रमांक असलेल्या अटलांटाने त्याला सोडून चिपर जोन्स हा फलंदाज घेतला. ओकलंडने चौदाव्या क्रमांकावर व्हॅन पॉपेलला घेऊन बारा लाख डॉलरांचा करार केला. त्याच्याबरोबर डॉन पीटर्स, डेव्हिड झँकनॅरो आणि कर्क ड्रेसेनडॉर्फर असे आणखी तीन पिचर आरंभीच्याच फेऱ्यांत घेतले. चौघांना मिळून ‘चार एक्के’ असे पत्त्यांतले नाव पडले. पीटर्स आणि झँकनॅरो वरिष्ठ स्पर्धेपर्यंत पोहोचलेच नाहीत; ड्रेसेनडॉर्फर १९९१ मध्ये सात सामने खेळला आणि खांद्याने दगा दिला; व्हॅन पॉपेल अनेक संघ हिंडला, पण त्याच्या विजयांहून पराजयच अधिक राहिले. ही कथा शाळकरी मुलाच्या अपयशाची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः चार एक्क्यांपैकी तिघे महाविद्यालयीन होते, आणि सर्वाधिक काळ टिकला तो शाळकरीच.

तथापि आकडे महाविद्यालयाच्या बाजूने होते. बिल जेम्स ह्या स्वतंत्र अभ्यासकाने १९८० च्या दशकात जुन्या ड्राफ्टांचा हिशेब मांडला, तेव्हा महाविद्यालयीन खेळाडू सरासरीने अधिक फलदायी ठरतात असे दिसून आले. ओकलंडने त्या शहाणपणाचे फळही चाखले. १९९७ मध्ये सहाव्या फेरीत ऑबर्न विद्यापीठाचा टिम हडसन, १९९८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मिशिगन राज्य विद्यापीठाचा मार्क मल्डर, १९९९ मध्ये नवव्या क्रमांकावर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बॅरी झीटो. हडसनने २००० मध्ये वीस, मल्डरने २००१ मध्ये एकवीस, झीटोने २००२ मध्ये तेवीस सामने जिंकले. ह्या तिघांच्या जोरावर, सुमारे चार कोटी डॉलरांच्या वेतनपटाचा संघ २००२ मध्ये त्याच्या तिपटीने खर्च करणाऱ्या न्यूयॉर्क यांकीजच्या बरोबरीने एकशे तीन सामने जिंकू शकला.

येथे एक बारकावा नोंदवणे अवश्य आहे. ह्या तिघांची निवड झाली तेव्हा स्काउट विभागाचे प्रमुख ग्रेडी फ्यूसन होते. २००१ मध्ये त्याच फ्यूसन ह्यांनी सव्विसाव्या क्रमांकावर जेरेमी बाँडरमन हा अठरा वर्षांचा शाळकरी पिचर घेतला, आणि सरव्यवस्थापक बिली बीन ह्यांचा संताप अनावर झाला. त्यांनी खुर्ची भिंतीवर भिरकावल्याचे वर्णन मायकेल लुइस ह्यांच्या २००३ च्या ‘मनीबॉल’ ह्या ग्रंथात आहे. बीन ह्यांचा राग स्वानुभवाचा होता. १९८० मध्ये ते स्वतः शाळेतून पहिल्याच फेरीत निवडले गेले, स्टॅनफर्ड विद्यापीठाची वाट सोडून आले, आणि खेळाडू म्हणून अयशस्वी ठरले. फ्यूसन टेक्ससला गेले, बाँडरमनला २००२ मध्ये डेट्रॉइटला देऊन टाकण्यात आले, आणि धोरणाचे सूत्र झाले : शाळकरी पिचर पहिल्या फेरीत घ्यावयाचाच नाही.

जून २००२ मध्ये ओकलंडपाशी पहिल्या एकोणचाळीसांत तब्बल सात निवडी होत्या. महाग झालेले खेळाडू सोडून गेल्याची ती भरपाई होती. सातही निवडी महाविद्यालयीन, त्यांत तीन पिचर : केंटकी विद्यापीठाचा जो ब्लँटन, फ्रेस्नोचा बेन फ्रिट्झ, एव्हन्सव्हिलचा स्टीव्ह ओबेनचेन. यादी शेजारी ठेवून वाचली म्हणजे मौज वाटते. सोळाव्या क्रमांकावर ओकलंडने निक स्विशर हा फलंदाज घेतला. सतराव्यावर फिलाडेल्फियाने कोल हॅमल्स घेतला. चोविसाव्यावर ओकलंडने ब्लँटन घेतला. पंचविसाव्यावर शेजारच्या सॅन फ्रॅन्सिस्कोने मॅट केन घेतला. हॅमल्स आणि केन हे दोघेही शाळकरी पिचर. हॅमल्सच्या दंडाचे हाड शाळेतच, चेंडू फेकता फेकता मोडले होते. पुढे त्याने १६३ सामने जिंकले. केनने १३ जून २०१२ रोजी प्रतिस्पर्ध्याचा एकही खेळाडू तळावर पोहोचू न देता सामना संपविला. फ्रिट्झ व ओबेनचेन वरिष्ठ स्पर्धेपर्यंत पोहोचले नाहीत.

मग धोरण चुकले काय? एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. त्याच वर्षी सिनसिनाटीने तिसऱ्या क्रमांकावर ख्रिस ग्रूलर आणि माँट्रियलने पाचव्यावर क्लिंट एव्हर्ट्स हे शाळकरी पिचर घेतले. दोघेही वरिष्ठ स्पर्धा न पाहताच संपले. उलट, साऱ्या यादीतील पहिली निवड म्हणजे पिट्सबर्गने घेतलेला महाविद्यालयीन पिचर ब्रायन बुलिंग्टन. त्याच्या नावावर वरिष्ठ स्पर्धेतील विजय अवघा एक. व्यक्तींची उदाहरणे दोन्ही बाजूंना हवी तेवढी सापडतात, आणि सरासरीवर जगणाऱ्या गरीब संघाला व्यक्तींच्या नशिबावर अवलंबून राहणे परवडत नाही. बीन ह्यांचा हिशेब त्यांच्या परिस्थितीत सयुक्तिक होता, असे माझे मत आहे.

माझी शंका वर्गाच्या नावाविषयी आहे. चार वर्षांच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात शिरलेल्या खेळाडूला तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ड्राफ्टमध्ये घेता येत नाही. म्हणजे ‘महाविद्यालयीन पिचर’ ह्या नावाखाली संघापुढे जो तरुण येतो, तो तीन वर्षे टिकून राहिलेला असतो. ज्यांचे कोपर त्या तीन वर्षांत कायमचे गेले, ज्यांचा वेग ओसरला, ते त्या वर्गात मोजलेच जात नाहीत. ते नुसते विद्यार्थी उरतात. शाळकऱ्यांच्या वर्गात मात्र पुढे मोडणारे आणि पुढे टिकणारे असे दोघेही असतात. एक धान्य पाखडलेले, दुसरे न पाखडलेले. आणि तुलना मात्र दोन वाणांची म्हणून केली जाते. सूप कोणाच्या हातात होते? विद्यापीठांच्या. संघाने टाळलेला धोका नाहीसा झाला नव्हता. तो विद्यार्थ्याच्या हातावर आणि विद्यापीठाच्या खर्चावर सरकविला गेला होता, आणि त्या काळी त्याबद्दल विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. विद्यापीठात शिकविणाऱ्या माणसाला ही गोष्ट जरा अधिक बोचते, हे कबूल केले पाहिजे.

ह्याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग भारतात झाला, म्हणून त्याचा ओझरता उल्लेख करतो. २००८ मध्ये निव्वळ चेंडूच्या वेगावर घेतलेल्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू निवडले गेले व पिट्सबर्गशी करारबद्ध झाले. ना शाळा, ना महाविद्यालय, शुद्ध ‘हात’. दोघांपैकी कोणीही वरिष्ठ स्पर्धेपर्यंत पोहोचला नाही.

ओकलंडने आपले सूत्र फार काळ पाळले नाही. सारेच संघ महाविद्यालयांकडे वळू लागले तसा तेथील माल महागला, आणि दुर्लक्षित शाळकरी पिचर स्वस्त पडू लागला. २००५ मध्ये ओकलंडने दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यांत क्रेग इटालियानो, जॅरेड लॅन्सफर्ड आणि व्हिन मझारो असे तीन शाळकरी पिचर घेतले. २००६ मध्ये दुसऱ्या फेरीत ट्रेव्हर केहिल. केहिलने २०१० मध्ये ओकलंडसाठी अठरा सामने जिंकले. सूत्राचा अर्थ ‘शाळकरी नको’ असा कधी नव्हताच, ‘महाग नको’ असा होता, असे म्हणावयास ह्यातून जागा मिळते. परंतु २००२ मध्ये ते तशा शब्दांत कोणी मांडले नव्हते.

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत डेट्रॉइटने ओकलंडचा सलग चार सामन्यांत पराभव केला. चौथ्या सामन्याची सुरुवात डेट्रॉइटकडून जेरेमी बाँडरमनने केली. दोन वर्षांनी, २००८ च्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात एका बाजूला फिलाडेल्फियाचा हॅमल्स आणि दुसऱ्या बाजूला टँपा बेचा स्कॉट कॅझमीर उभा होता; कॅझमीरही २००२ च्याच यादीतील, पंधराव्या क्रमांकाचा शाळकरी पिचर. ब्लँटनला ओकलंडने त्याच वर्षी जुलैमध्ये फिलाडेल्फियाला दिले होते. २६ ऑक्टोबर रोजी चौथा सामना त्याने जिंकला, आणि फलंदाजीला येऊन होमरनही मारला. वर्ल्ड सीरिजमध्ये पिचरने होमरन मारण्याचा त्यापूर्वीचा प्रसंग १९७४ चा होता. तो मारणारा केन होल्ट्झमन ओकलंडचा पिचर होता.