हिरवा रुमाल
अर्जेंटिनातील कायदेशीर, सुरक्षित व मोफत गर्भपाताच्या मागणीचे चळवळचिन्ह असलेला त्रिकोणी रुमाल. स्पॅनिश नाव ‘पान्युएलो व्हेर्दे’.

उगम : १९७७ पासून बेपत्ता मुलांचा शोध घेणाऱ्या प्लाझा दे मायोच्या मातांचा पांढरा रुमाल (पहा : प्लाझा दे मायो, माता) ही याची प्रेरणा. हिरवे रुमाल २००३ मध्ये रोसारिओ येथील राष्ट्रीय महिला संमेलनात प्रथम दिसले; २००५ मध्ये सुरू झालेल्या गर्भपात हक्काच्या राष्ट्रीय मोहिमेने तेच चिन्ह स्वीकारले.

वैशिष्ट्ये : रुमालावर पांढऱ्या अक्षरांत लैंगिक शिक्षण, गर्भनिरोधके आणि कायदेशीर गर्भपात या तीन मागण्या छापलेल्या असतात. २०१८ मध्ये माध्यमिक शाळांतील मुलींनी त्याला दृश्यकलेचे रूप दिले. दप्तराला, मनगटाला व गळ्यात रुमाल, गालांवर हिरवी चमकी, हाताने रंगवलेले फलक, ढोलांच्या तालावर रस्त्यातील सादरीकरणे. पत्रकार लुसियाना पेकर यांनी या पिढीच्या उठावाला ‘मुलींची क्रांती’ म्हटले. चळवळीचे बळ या मुलींमुळेही वाढले. शिवायला सोपा, स्वस्त आणि शब्दाविना ओळख पटवणारा असल्याने रुमाल प्रभावी ठरला.

महत्त्व : ऑगस्ट २०१८ मध्ये अर्जेंटिनाच्या सिनेटने गर्भपात कायदेशीर करणारे विधेयक ३८ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळले. तरीही हिरवा रंग मेक्सिको, कोलंबिया, चिली येथील चळवळींनी उचलला (पहा : स्त्रीवादी चळवळ, लॅटिन अमेरिकेतील; गर्भपात कायदे). ३० डिसेंबर २०२० रोजी अर्जेंटिनाच्या सिनेटने १४ आठवड्यांपर्यंत स्वेच्छेने गर्भपाताची मुभा देणारा कायदा ३८ विरुद्ध २९ मतांनी संमत केला.