आत्मनिवेदन : एक ऐतिहासिक साधन

विद्यापीठात प्रवेश मागताना अर्जदाराने स्वतःविषयी निवेदन जोडावे, ही पद्धती आपल्याकडे आता रूढ होऊ लागली आहे. परदेशी विद्यापीठांत ती पूर्वीपासून आहे. गुणपत्रिका जे सांगत नाही, ते या निवेदनाने सांगावे, अशी तीमागील अपेक्षा असते. भक्तीच्या नऊ प्रकारांत आत्मनिवेदन हा शेवटचा प्रकार मानला आहे. तेथे 'मी'चे समर्पण अभिप्रेत असते. अर्जातील आत्मनिवेदनात मात्र हाच 'मी' दुसऱ्यापुढे मांडावयाचा असतो. अशा लेखनाकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन पत्रांच्या आधारे करावयाचा आहे.

पहिले पत्र आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेत पोचल्यानंतर त्यांनी पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्यवस्थापकांस प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपले पूर्वशिक्षण तेथील अटींना पुरे पडेल की नाही, याविषयीची शंका त्यांनी त्यात झाकून ठेवलेली नाही. हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्या सेवेसाठी आपणांस ही विद्या हवी आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होय. स्वजनांचा व जातीचा विरोध सोसून येथवर आलो, हाच त्यांनी आपल्या निश्चयाचा पुरावा म्हणून पुढे केला. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले व संकल्पित सेवा घडली नाही. म्हणून ते पत्र खोटे ठरत नाही. संकल्पाचा खरेपणा आणि संकल्पाची सिद्धी या दोन भिन्न गोष्टी होत, आणि इतिहासकाराने त्यांची गल्लत करता कामा नये.

दुसरे पत्र विनोबा भावे यांचे असून ते १९१८ च्या फेब्रुवारीत वाईहून गांधीजींस लिहिलेले आहे. काटेकोर अर्थाने हा प्रवेशअर्ज नव्हे. विनोबा १९१६ मध्येच कोचरब येथील आश्रमात दाखल झाले होते व वर्षभराची रजा घेऊन बाहेर पडले होते. तरीही आश्रमाने आपणांस आपला मानावे, यासाठी वर्षाचा हिशेब देणारे हे लेखन स्वरूपाने अर्जाच्या अगदी निकटचे आहे. त्याची पार्श्वभूमीही लक्षणीय आहे. १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी सुरतेस गाडीतून उतरून काशीस गेला; आपली प्रमाणपत्रे त्याने त्यापूर्वीच चुलीत टाकली होती. ज्याने दाखले जाळले, त्याला स्वतःविषयी काही सांगावयाचे तर स्वतःच्याच शब्दांत सांगणे भाग होते.

या पत्रात काय आहे? नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती व पातंजल योगदर्शन यांचा अभ्यास केला, ही नोंद आहे. प्रकृती सुधारण्यासाठी केलेले चालणे, दळण व सूर्यनमस्कार यांचा, तसेच आहारातील प्रयोगांचा तपशील आहे. गीतेचा व ज्ञानेश्वरीचा वर्ग किती विद्यार्थ्यांसाठी चालविला, सुमारे चारशे मैलांचा पायी प्रवास करून कोणते गड पाहिले, वाईच्या विद्यार्थ्यांनी दळण दळून वाचनालयासाठी पैसा कसा जमविला, हेही सांगितले आहे. हिंदीचा प्रचार केला, पण ती भाषा आपणांस चांगली येत नाही, हेही स्पष्ट लिहिले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या पत्रातील बहुतेक विधाने पडताळून पाहता येण्याजोगी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या, मैल, ग्रंथ हे सर्व दुसऱ्या कोणासही विचारून घेता आले असते. जेथे पडताळा शक्य नाही, अशा व्रतांच्या बाबतीत लेखक आपल्या समजुतीप्रमाणे पालन केले, एवढेच म्हणतो. गांधीजींनी उत्तरात या आत्मपरीक्षणाचा गौरव केला, आणि आपण मोजमाप करण्यास असमर्थ असून तुम्ही स्वतः केलेले मूल्यमापनच मान्य करतो, अशा आशयाचे लिहिले. परीक्षकाने उमेदवाराचाच निकाल स्वीकारावा, हा प्रसंग विरळा होय.

तथापि असे पत्र केवळ पत्राने सिद्ध होत नाही. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून १९२१ मध्ये विनोबा वर्ध्यास आले आणि १९३२ च्या अखेरीस वर्ध्याजवळील नालवाडी या खेड्यात राहावयास गेले. तेथील वस्ती मुख्यत्वे तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची होती. केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी तेथे केला. १९३८ मध्ये ते पवनारला गेले. गोपाळराव वाळुंजकर यांनी चालविलेले चर्मालय हेही नालवाडीचेच. वाईच्या पत्रातील अपरिग्रहाचा शब्द नालवाडीच्या मजुरीच्या हिशेबावर घासून पाहिला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र नालवाडीतील आचरणावरून मागे जाऊन १९१८ च्या पत्रात भावी थोरवी वाचणे हा साधनाचा दुरुपयोग ठरेल. ते पत्र बावीस वर्षांच्या एका तरुणाने, एका विशिष्ट वाचकास, मान्यता मिळावी या हेतूने लिहिलेले आहे. तो हेतू ओळखूनच ते वाचावयास हवे.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. आनंदीबाईंना व विनोबांना स्वतःविषयी लिहिता आले, कारण दोघांच्याही घरी अक्षर होते. नालवाडीत चामडे कमावणाऱ्या हातांपाशी कसब होते, पण ते कागदावर मांडण्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेली होती. त्यांचा 'मी' दप्तरात येतो तो बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून. आत्मनिवेदनाला साधन म्हणून मान देताना ही उणीव विसरता येत नाही. आज प्रवेशासाठी असे निवेदन मागणाऱ्या विभागांनाही ती लागू आहे. भाषेचा सफाईदारपणा हा पुष्कळदा घरातून आलेला वारसा असतो, आणि तोच गुण समजून मोजला गेला, तर निवेदन ही गुणपत्रिकेहूनही अधिक पक्षपाती कसोटी ठरेल.

सारांश, अर्जदार काय झाला आहे, काय केले आहे आणि काय करू इच्छितो, हे तीन भाग वाचकाने निराळे ठेवावेत. आनंदीबाईंच्या पत्राचे बळ तिसऱ्या भागात आहे, विनोबांच्या पत्राचे दुसऱ्यात. पहिल्या भागातील पुष्कळसे अर्जदाराच्या हाती नसते, म्हणून त्याला सर्वांत कमी वजन द्यावे, हेच न्याय्य होय.