व्याज महिन्याचं की वर्षाचं? कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी

अहिल्यानगर : "तीन टक्क्यानं देतो, घरचा माणूस म्हणून." गावात व्याजानं पैसे देणारा असं म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला ते स्वस्तच वाटतं. बँक सोनेतारणाला नऊ-दहा टक्के सांगते, पतसंस्था त्याहून जास्त सांगते, मग तीन टक्क्यात काय वाईट? फरक एवढाच, की बँकेचे टक्के वर्षाचे असतात आणि गावातले महिन्याचे. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. पाच म्हणजे ६०. दहा म्हणजे १२०. १ लाख घेतले तर वर्षात १ लाख २० हजार नुसतं व्याज, मुद्दल तिथंच.

कर्ज घ्यावंच लागतं, यात लाजण्यासारखं काही नाही. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा या उसाच्या पट्ट्यात पैसा कारखान्याचं बिल निघालं की येतो. पारनेर, श्रीगोंद्यात कांद्याच्या भावावर सगळं अवलंबून. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो, पण तो पेंडीत आणि किराण्यात जातो. बियाणं, खत, शाळेची फी आणि दवाखाना मात्र कोणाच्या बिलाची वाट पाहत नाहीत. प्रश्न असतो तो कोणाकडून घेतलं, कशावर सही केली आणि त्या कागदाची प्रत आपल्या घरात आहे का, याचा.

नवं-जुनं करताना

सगळ्यात स्वस्त कर्ज गावातल्या विकास सोसायटीचं किंवा बँकेचं पीक कर्ज. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं, तर केंद्राची ३ टक्के व्याज सवलत आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची ३ टक्के सवलत मिळून ते जवळपास बिनव्याजी पडतं. अट एकच, तारीख चुकता कामा नये. तारीख चुकली की सवलत जाते, थकबाकीचं व्याज लागतं आणि पुढचं कर्जही अडतं. म्हणून आपली देय तारीख सोसायटीच्या सचिवाकडून लिहून घ्यावी. शेजाऱ्याची तारीख आपली असेलच असं नाही.

इथंच मार्चमधला जिल्हाभरचा प्रकार येतो, नवं-जुनं. हातात पैसा नसतो, म्हणून चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी व्याजानं घ्यायचे, सोसायटी भरायची, नवं कर्ज उचलायचं आणि ते पैसे परत करायचे. हिशेब मांडला तर हे नेहमीच तोट्याचं नसतं. समजा सोसायटी दीड लाखाची आहे. मुदत चुकली आणि ७ टक्के व्याज लागलं, तर वर्षाचे १०,५०० रुपये जातात. बाहेरून शेकडा तीननं घेतले आणि महिन्याचं पूर्ण व्याज दिलं, तर ४,५०० जातात. नवं कर्ज महिन्यात खात्यावर आलं तर जमलं. पण मंजुरी लांबली, वरून निधी आला नाही, कागद परत आला, असं झालं आणि तीन महिने गेले, की १३,५०० रुपये होतात. म्हणजे वाचवायला निघालो त्याहून जास्त गेले, आणि सावकाराचं मुद्दल अजून डोक्यावर. त्यामुळे बाहेरून पैसे उचलण्याआधी बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारावा: भरल्यापासून नवं कर्ज किती दिवसांत मिळेल, आणि सगळे कागद पूर्ण आहेत का? तोंडी "होऊन जाईल" या उत्तरावर शेकडा तीनचे पैसे उचलू नयेत.

कर्जमाफीच्या आशेवर थकवण्याचंही असंच. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली, हे खरं. पण प्रत्येक वेळी ठरावीक तारखांच्या आतलंच कर्ज बसलं. एखाद्याचं बसतं, शेजारच्याचं राहतं. थकलेल्या वर्षांत मात्र दोघांनाही खतासाठी बाहेरच्या दारात जावं लागलेलं असतं.

१८७५ ला नगरचे शेतकरी कागदच का जाळत होते

नवं-जुनं हा प्रकार जुना आहे. इंग्रजांनी १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आणला. त्यानुसार साध्या कर्जरोख्यावर ठरावीक मुदतीतच दावा लावता येई. कायदा कुळाच्या भल्यासाठी म्हणून केला, झालं उलटंच. सावकार मुदत संपायच्या आत नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि साचलेलं व्याज मुद्दलात घालू लागले. अंगठा देणाऱ्याला आत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव १८६५ नंतर कोसळला, त्यात शेतसारा वाढला, आणि लोक अडकले.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी दंगा सुरू झाला. तो पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या भागांत पसरला. जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी सारखीच होती: रोखे बाहेर काढा. कागद दिले तर ते जाळून लोक निघून जात. नाही दिले तर मारहाण, जाळपोळ होई. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जविषयक कायदा केला. त्यात न्यायालयाला रोख्याच्या मागचा सगळा जुना हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार मिळाला. भरलेल्या पैशाची पावती आणि हिशेबाचं पुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला.

आजचा सावकारी कायदा काय देतो

महाराष्ट्रात २०१४ पासून नवा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शेतीबाहेरच्या कर्जाला हे दर १५ आणि १८ आहेत. व्याजावर व्याज चालत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे; ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे शेकडा तीन हा दर कोणत्याच चौकटीत बसत नाही.

पण खरा धोका दरात नसून खरेदीखतात आहे. गरज मोठी असली की सावकार म्हणतो, "नावाला खरेदी करून द्या, पैसे दिले की उलटून देतो." दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सह्या होतात, सातबाऱ्यावर नाव लागतं, आणि पैसे घेऊन गेलं की समोरचा म्हणतो, कसले पैसे, जमीन तर विकलीय. कागदावर कर्जाचा शब्दही नसतो. कोरा चेक आणि सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर ही त्याचीच धाकटी भावंडं. चेकवर नंतर कितीही आकडा टाकता येतो आणि तो वटला नाही की फौजदारी खटला उभा राहतो.

अशी जमीन गेली असेल तर सगळं संपलेलं नसतं. कायद्याच्या कलम १८ नुसार जिल्हा उपनिबंधक (सहकारी संस्था) चौकशी करू शकतात. व्यवहार अर्जाच्या तारखेच्या मागच्या १५ वर्षांतला असेल आणि तो सावकारीतून झाला असं दिसलं, तर खरेदीखत रद्द ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश होऊ शकतो. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडेही देता येतो. तिथं उपयोगी पडतं ते असं: बँकेतून गेलेले हप्ते, फोनवरचे मेसेज, जमीन अजून कोण कसतंय याचा पुरावा, खरेदीखतातली किंमत आणि बाजारभाव यातला फरक. रोखीनं दिलेल्या पैशाचा माग राहत नाही. म्हणून व्याज द्यायचंच असेल तर खात्यावरून द्यावं. समोरचा "रोखच पाहिजे" म्हणाला, तर त्यातच त्याचं उत्तर आहे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची मुकादमाकडची उचल हेही कर्जच. किती घेतली, किती फिटली, खाडे किती धरले, याची वही बहुतेक वेळा एकट्या मुकादमाकडे असते. तशीच दुसरी वही घरात हवी.

हप्ता छोटा, व्याज मोठं

आता फायनान्स कंपन्यांकडे येऊ. मोटारसायकल, मोबाइल, म्हशी, सगळ्यावर कर्ज मिळतं. "१२ टक्के फ्लॅट" हा शब्द ऐकला की कागद खाली ठेवून आकडा मांडावा. १ लाख, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट, म्हणजे व्याज ३६,००० आणि हप्ता साधारण ३,७७८ रुपये. फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरतात, निम्मं मुद्दल फिटलं तरीही. तेच कर्ज १२ टक्क्यांनं घटत्या शिलकीवर घेतलं, तर हप्ता ३,३२१ आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे १२ टक्के फ्लॅटचा खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. वर प्रोसेसिंग फी आणि विमा कापला तर आणखी.

हे समजण्यासाठी एक हत्यार मिळालंय. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी ठळक माहितीचा एक कागद द्यायचा आहे, आणि तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो मराठीत मागावा आणि फक्त तो एक आकडा पाहावा. दोन ठिकाणची कर्जं तोलायला तेवढं पुरे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमात येत नाहीत, तिथं हाच आकडा व्यवस्थापकाकडून लिहून घ्यावा लागतो.

बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्सला आणखी एक बंधन आहे: घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलं, की ही मर्यादा मोडलीच म्हणून समजावं. वसुलीचा फोन सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही.

मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपबद्दल थोडक्यात: अॅपनं फोनमधले नंबर किंवा फोटो मागितले तर ते तिथंच काढून टाकावं. नियमाप्रमाणे त्यांना ते मागताच येत नाहीत. धमक्या किंवा फसवणूक झाली तर १९३० वर फोन करावा. बँक किंवा फायनान्स कंपनीविरुद्ध तक्रार रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर विचारता येते.

जामीन राहताना

भावकीत "फक्त सही हवी" म्हणून जामीन मागतात आणि नाही म्हणणं जड जातं. पण कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. संस्था आधी कर्जदाराकडे जाईल आणि मग जामीनदाराकडे, असं काही बंधन नाही. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेतला, की त्यात दोघांचीही नावं असतात. दुसऱ्याचं कर्ज थकलं की सिबिलवर खूण जामीनदाराच्याही नावावर पडते, आणि ते कळतं आपण ट्रॅक्टरसाठी बँकेत गेल्यावर. सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता भरून लोक घरी येतात आणि सातबारा तसाच राहतो. इतर हक्कातला बोजा आपोआप उतरेल असं धरू नये. बेबाकी दाखला घेऊन तलाठी कार्यालयात द्यावा, फेरफार मंजूर झाला का ते पाहावं आणि महिनाभरानं मोबाइलवर सातबारा काढून बोजा गेला याची खात्री करावी. तारण ठेवलेली मिळकतीची मूळ कागदपत्रं बँकेनं पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत द्यायची आहेत. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये तिनं कर्जदाराला द्यायचे आहेत. कोरे चेक दिले असतील तर तेही त्याच दिवशी मोजून परत घ्यावेत.