गटाच्या प्रकल्पासाठी 'गुगल कोलॅब' : सुरुवात कशी करावी?

अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्रच नव्हे, तर अर्थशास्त्र व भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोरही आता पायथॉन भाषेतील प्रात्यक्षिके येऊ लागली आहेत. चौघांच्या गटात एकाकडेच चांगला संगणक असतो आणि मग सारे काम त्याच्याच गळ्यात पडते, हा अनुभव अनेक महाविद्यालयांत येतो. गणनाचे काम स्वतःच्या यंत्राऐवजी दूरच्या संगणकावर करून देणाऱ्या 'क्लाउड' सेवांनी ही अडचण बरीच दूर केली आहे. त्यांपैकी विद्यार्थ्यांमध्ये विशेष रुळलेली सेवा म्हणजे गुगलची 'कोलॅब'. 'कोलॅबोरेटरी' या शब्दाचे हे लघुरूप. ती 2017 मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

कोलॅबचा पाया मात्र गुगलने घातलेला नाही. फर्नांडो पेरेझ या मूळच्या कोलंबियातील भौतिकशास्त्रज्ञाने 2001 मध्ये, विद्यार्थिदशेत असतानाच, 'आयपायथॉन' हे साधन लिहिण्यास आरंभ केला. त्यातूनच 2014 मध्ये 'ज्युपिटर' प्रकल्प वेगळा झाला. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन संगणकभाषांच्या नावांवरून हे नाव बेतलेले आहे. मजकूर, आज्ञावली आणि तिचे उत्तर ही तिन्ही एकाखाली एक ठेवणारी ज्युपिटरची 'नोटबुक' हाच कोलॅबचाही आत्मा आहे. प्रात्यक्षिकाची वही असते, तसाच हा प्रकार म्हणावा.

वापरासाठी गुगलचे खाते व ब्राउझर एवढेच लागते. 'कोलॅब डॉट रिसर्च डॉट गुगल डॉट कॉम' या पत्त्यावर जाऊन नवी नोटबुक उघडावी आणि प्रथम तिचे नाव बदलावे. 'अनटायटल्ड' नावाच्या दहा फायली जमल्या की सादर करण्याच्या दिवशी नेमकी हवी ती सापडत नाही. नोटबुकमध्ये दोन प्रकारचे चौकोन, म्हणजेच 'सेल', असतात : एक आज्ञावलीचा, दुसरा मजकुराचा. 'शिफ्ट' व 'एंटर' या कळा एकत्र दाबल्या की तो चौकोन चालतो. नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब ही नेहमीची साधने आधीपासूनच बसवलेली असतात.

नवख्यांची खरी फसगत होते ती साठवणुकीच्या बाबतीत. नोटबुक आपल्या गुगल ड्राइव्हमध्ये साठते. ती चालते मात्र तात्पुरत्या मिळालेल्या एका आभासी संगणकावर. डावीकडच्या फायलींच्या रकान्यात चढवलेली माहिती याच तात्पुरत्या संगणकावर राहते. मोफत वापरात हा संगणक अधिकाधिक 12 तास मिळतो, तेही उपलब्धतेनुसार. काही काळ हालचाल नसली तर तो त्याआधीच काढून घेतला जातो आणि त्यावरील सर्व फायली नाहीशा होतात. रात्रभर चालवून काढलेली उत्तरे सकाळी गायब, असा प्रकार घडतो तो यामुळेच. त्यासाठी मूळ माहिती व उत्तरांच्या फायली ड्राइव्हवर ठेवाव्यात आणि त्याच रकान्यातील 'माउंट ड्राइव्ह'च्या सोयीने ड्राइव्ह जोडून घ्यावे. मात्र अनोळखी व्यक्तीच्या नोटबुकने ड्राइव्हची परवानगी मागितली, तर तिच्यातील आज्ञावली वाचल्याखेरीज ती देऊ नये. आपल्या खासगी कागदपत्रांची किल्लीच त्यामुळे तिच्या हाती जाते.

आता गटकार्य. वर उजवीकडील 'शेअर'मधून सहकाऱ्यांना केवळ पाहण्याचा, टिप्पणीचा किंवा बदल करण्याचा अधिकार देता येतो. येथेही एक गैरसमज आढळतो. नोटबुक दिली की तिच्यातील मजकूर, आज्ञावली, उत्तरे व टिप्पण्या सहकाऱ्याला मिळतात; आपला आभासी संगणक, त्यावरील फायली आणि वेगळी बसवलेली साधने मिळत नाहीत. प्रत्येकाचे यंत्र निराळे असते. म्हणून 'माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का नाही?' हा वाद टाळायचा असेल, तर जास्तीची साधने बसवण्याची आज्ञा नोटबुकच्या पहिल्याच चौकोनात लिहावी व माहितीची फाइल सामाईक ठिकाणी ठेवावी. एकाच चौकोनात दोघांनी एकाच वेळी लिहिणे टाळावे, विभाग वाटून घ्यावेत. कोणाचे लेखन पुसले गेलेच, तर 'फाइल' यादीतील जुन्या आवृत्त्यांची नोंद उपयोगी पडते. शिक्षकांनी दिलेली नोटबुक असल्यास तिची स्वतंत्र प्रत ड्राइव्हमध्ये काढून मगच काम सुरू करावे.

चौकोन वरून खाली याच क्रमाने चालवले पाहिजेत, असे बंधन नोटबुकमध्ये नाही. ही सोय घातकही ठरते. मधला चौकोन पुसला तरी त्यातील मूल्य स्मृतीत टिकून राहते आणि उत्तर बरोबर येत असल्याचा भास होतो. शिक्षकांनी नव्याने चालवले की गाडी अडते. गुण यामुळे जातात आणि चूक कोठे झाली हे विद्यार्थ्याला कळतही नाही. सादर करण्यापूर्वी 'रनटाइम' यादीतून सत्र नव्याने सुरू करून सर्व चौकोन पहिल्यापासून चालवून पाहणे, हाच त्यावर उपाय.

कोलॅबमध्ये आता आज्ञावली सुचवणारा 'जेमिनाय' हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायकही आहे. त्याची मदत चालेल की नाही, हे आधीच शिक्षकांना विचारून घेतलेले बरे.

गृहपाठ वाटणे, गोळा करणे, तपासून परत देणे ही कामे एकाच ठिकाणी हवी असलेल्या शिक्षकांसाठी 'कोकॅल्क' हा पर्याय अधिक सोयीचा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील गणितज्ञ विल्यम स्टाइन यांनी तो 2013 मध्ये 'सेजमॅथक्लाउड' या नावाने सुरू केला. 2017 मध्ये नाव बदलले. तेथे एका प्रकल्पातील सर्वांना एकच यंत्र व त्याच फायली मिळतात. मोफत वापरावर मात्र तेथे बरीच बंधने आहेत.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक बाब. मजकुराच्या चौकोनात देवनागरी व्यवस्थित दिसते. पायथॉन 3 मध्ये चल राशींना 'किंमत', 'वय' अशी नावेही देता येतात. आलेखांत मात्र मॅटप्लॉटलिबच्या मूळ टंकात देवनागरी नसल्याने अक्षरांच्या जागी चौकटी उमटतात. 'नोटो' मालिकेतील देवनागरी टंक बसवला की अक्षरे येतात, तरी ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे अनेकदा विस्कटलेलीच दिसतात. तेव्हा आलेखावरील नावे छापून पाहिल्यावाचून अहवाल देऊ नये.